'माय लर्निंग्ज' बरोबर की चूक? '-इंग'वाल्या शब्दांची जात डिक्शनरी कशी ठरवते

नवी नोकरी लागली, प्रोजेक्ट संपला किंवा स्टार्टअप बुडाला, तरी लिंक्डइनवर पोस्टचा शेवट ठरलेला असतो: 'माय फाइव्ह लर्निंग्ज'. मग कुणीतरी टोकतं, "'लर्निंग'चं अनेकवचन होत नाही, 'लेसन्स' लिहा." त्यावर दुसरा विचारतो, "'मीटिंग्ज' चालतं, 'सेव्हिंग्ज' चालतं, मग 'लर्निंग्ज'नेच कुणाचं घोडं मारलंय?"

अशा वादात शेवटी डिक्शनरी उघडली जाते. आणि तिथे नवाच गोंधळ समोर येतो. '-इंग'ने संपणारे काही शब्द डिक्शनरीत 'नाम' म्हणून स्वतंत्र दिलेले असतात, काही 'विशेषण' म्हणून, काही मूळ क्रियापदाच्या पोटात लपलेले असतात आणि काही सापडतच नाहीत. याचा अर्थ ते शब्द चुकीचे असतात का? नाही. मग डिक्शनरी हे ठरवते कशावरून? आणि ठरवायला हवं कसं?

जेरंड म्हणजे नेमकं काय?

शाळेत आपण एक सोपी व्याख्या शिकलो. क्रियापदाला '-इंग' लागलं आणि तो शब्द नामाचं काम करू लागला की ते जेरंड. उदाहरणार्थ, 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज'. आणि 'शी इज स्विमिंग' म्हटलं की ते प्रेझेंट पार्टिसिपल.

'जेरंड' हा शब्द इंग्रजी व्याकरणात आला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये जेरंड आणि प्रेझेंट पार्टिसिपल यांची रूपं वेगवेगळी असतात, त्यामुळे तिथे ही दोन नावं शोभतात. इंग्रजीत मात्र दोन्हींचं रूप अगदी एकच आहे. नावं दोन आणि रूप एक, इथूनच पंचाईत सुरू होते.

एकच शब्द घेऊन बघू या, 'पेंटिंग'.

१. 'शी इज पेंटिंग द वॉल.' (ती भिंत रंगवतेय.)
२. 'पेंटिंग द वॉल टुक टू डेज.' (भिंत रंगवायला दोन दिवस लागले.)
३. 'द पेंटिंग ऑफ द वॉल टुक टू डेज.' (भिंतीच्या रंगकामाला दोन दिवस लागले.)
४. 'शी बॉट टू पेंटिंग्ज.' (तिने दोन चित्रं विकत घेतली.)

पहिल्या वाक्यातलं 'पेंटिंग' क्रियापद आहे, याबद्दल वाद नाही. चौथ्यातलं सरळसरळ नाम आहे, भिंतीवर टांगता येईल असं. तिसरंही नामच आहे, फक्त ते वस्तूचं नाही, क्रियेचं नाव आहे. खरा वाद आहे दुसऱ्या वाक्याचा. तिथे 'पेंटिंग द वॉल' हा अख्खा तुकडा कर्त्याच्या जागी बसलाय, म्हणजे नामाच्या जागी. पण त्या तुकड्याच्या आत 'पेंटिंग' क्रियापदासारखं वागतंय. 'वॉल' हे कर्म त्याने मध्ये 'ऑफ' न घालता थेट घेतलंय.

बाहेरून नाम, आतून क्रियापद. मग डिक्शनरीने याला कुठे बसवायचं?

हा घोळ आला कुठून?

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, हा प्रश्नच नव्हता. क्रियापदापासून नाम करायचं असेल तर '-उंग' किंवा '-इंग' हा प्रत्यय लागायचा. पार्टिसिपलसाठी '-एंडे' हा वेगळा प्रत्यय होता. जर्मन भाषेत आजही ही फारकत टिकून आहे. नामासाठी '-उंग' आणि पार्टिसिपलसाठी '-एंड'.

इंग्रजीत मात्र पुढच्या काही शतकांत पार्टिसिपलचा प्रत्ययही बदलत बदलत '-इंग' झाला. दोन वेगळ्या वाटांनी आलेली रूपं एका साच्यात पडली. त्यानंतर आणखी एक बदल झाला. मुळात नाम असलेल्या '-इंग' रूपाने हळूहळू क्रियापदाच्या सवयी उचलल्या. आधी त्याला कर्मासाठी 'ऑफ' लागायचा. पुढे ते 'ऑफ'शिवाय कर्म घेऊ लागलं, क्रियाविशेषणं घेऊ लागलं.

म्हणजे आपल्याला आज जो गोंधळ दिसतो, तो कुणा व्याकरणकाराने केलेला नाही. भाषाच त्या वाटेने गेली.

काही शब्द तर या वाटेवर खूपच पुढे गेले. 'वेडिंग' हा 'वेड' म्हणजे लग्न करणे या क्रियापदापासून आलेला शब्द. पण आज 'वेडिंग कार्ड' छापताना कुणाच्या डोक्यात ते क्रियापद येत नाही. 'ड्युरिंग' तर एका जुन्या, आता वापरातून गेलेल्या क्रियापदाचं '-इंग' रूप आहे आणि डिक्शनरीत ते शब्दयोगी अव्यय म्हणून बसलंय. 'रिगार्डिंग' आणि 'कन्सिडरिंग' यांचीही तीच वाटचाल. त्यामुळे नुसतं शेपूट बघून शब्दाची जात ठरवता येत नाही.

मग ओळखायचं कसं?

शब्दाची जात त्याच्या दिसण्यावरून नाही, वागण्यावरून ठरते. इंग्रजीत त्यासाठी काही सोप्या चाचण्या आहेत.

कर्म कसं घेतो? 'रीडिंग द बुक' असं थेट कर्म घेतलं तर क्रियापद. 'द रीडिंग ऑफ द बुक' असा मध्ये 'ऑफ' लागला तर नाम.

विशेषण लागतं की क्रियाविशेषण? 'रीडिंग स्लोली' म्हणजे क्रियापद. 'स्लो रीडिंग' म्हणजे नाम.

आधी 'अ' किंवा 'द' लागतो का? मागे अनेकवचनाचा 'एस' लागतो का? 'अ मीटिंग', 'टू मीटिंग्ज' हे नाम. 'मीटिंग हिम वॉज फन' या वाक्यातल्या 'मीटिंग'ला 'अ' लावून बघा, वाक्य मोडतं. म्हणून ते क्रियापद.

'नॉट' लागतो का? 'नॉट स्लीपिंग मेक्स यू सिक' यात 'नॉट' आहे, म्हणजे 'स्लीपिंग' क्रियापद आहे. नामाचा नकार सहसा 'नो'ने होतो, जसं 'नो पार्किंग'.

'हॅविंग' किंवा 'बीइंग' जोडता येतं का? 'हॅविंग रिटन इट' किंवा 'बीइंग सीन' अशी रूपं फक्त क्रियापदाचीच होतात.

या चाचण्या लावल्या तर वरच्या दुसऱ्या वाक्यातलं 'पेंटिंग द वॉल' क्रियापदाच्या बाजूने जातं. अख्खा तुकडा नामाच्या जागी बसला म्हणून त्यातला शब्द नाम होत नाही. 'तो उशिरा आला हे मला कळलं' यात 'तो उशिरा आला' हे अख्खं वाक्य कर्माच्या जागी आहे. म्हणून 'आला' हे नाम आहे असं आपण म्हणत नाही ना? तसंच हे.

विशेषणाची गंमत वेगळीच. 'स्लीपिंग बेबी' म्हणजे झोपलेलं बाळ. पण 'स्लीपिंग बॅग' म्हणजे झोपलेली बॅग नव्हे, झोपण्यासाठीची बॅग. 'वॉकिंग स्टिक' ही चालणारी काठी नसते. पहिल्या उदाहरणात '-इंग' शब्द विशेषणासारखा आहे, बाकीच्या दोनमध्ये तो नाम आहे आणि दुसऱ्या नामाशी जोडला गेलाय. बोलताना इंग्रज माणूस 'स्लीपिंग बॅग'मध्ये जोर 'स्लीपिंग'वर देतो. 'स्लीपिंग बेबी'मध्ये तो 'बेबी'वर जातो. लिहिलेल्या शब्दात हा फरक दिसत नाही, म्हणून डिक्शनरीला तो सांगावा लागतो.

मराठी माणसाला हे सोपं का जावं?

कारण मराठीत हा फरक आपण रोज करतो. 'पुस्तक वाचणं' आणि 'पुस्तकाचं वाचन' ही दोन रूपं बघा. 'वाचणं' थेट कर्म घेतं: पुस्तक वाचणं. 'वाचन'ला मात्र 'चं' लागतो: पुस्तकाचं वाचन. 'हळू वाचणं' म्हणतो, पण 'संथ वाचन' म्हणतो. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच 'रीडिंग' आहे.

म्हणून एक छोटी युक्ती. '-इंग' शब्द आला की मनात त्याचं मराठी करा. 'पुस्तक वाचणं'सारखं '-णं' रूप कर्मासकट चपखल बसलं तर ते बहुधा क्रियापद. 'वाचन', 'लेखन', 'रंगकाम', 'चित्र' असा वेगळा शब्द हवासा वाटला तर ते बहुधा नाम. दर वेळी ही युक्ती चालेलच असं नाही, पण अडलेली गाडी पुढे ढकलायला पुरते.

आणि आपल्याकडेही एकाच रूपात दोन जाती राहतातच. 'गाणं' घ्या. 'तिला गाणं गाणं आवडतं' यातलं पहिलं 'गाणं' नाम, दुसरं क्रियापदाचं रूप. पहिल्याचं अनेकवचन होतं: गाणी. दुसऱ्याचं होत नाही. 'देणं' हे क्रियेचं रूप, पण 'सगळी देणी फेडली' यातली 'देणी' हे पक्कं नाम. 'धावणं'चं असं अनेकवचन आपण करत नाही, कारण त्याने अजून नामाचा वेगळा संसार थाटलेला नाही. मराठी कोशात क्रियापदं '-णे' रूपातच दिलेली असतात, त्यामुळे कोशकाराला 'गाणे' दोनदा द्यावं लागतं आणि 'धावणे' एकदाच दिलं तरी भागतं.

इंग्रजी डिक्शनरीतला प्रश्न हाच आहे. कोणत्या शब्दाने वेगळा संसार थाटलाय, हे ओळखायचं.

डिक्शनऱ्या प्रत्यक्षात काय करतात?

सगळ्या डिक्शनऱ्या एकच धोरण पाळत नाहीत, कारण त्यांचे वाचक वेगळे असतात.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी ही इतिहास सांगणारी डिक्शनरी. १८८४ ते १९२८ या काळात तिची पहिली आवृत्ती भागाभागाने बाहेर आली आणि जेम्स मरे तिचे प्रमुख संपादक होते. शब्द कधी, कुठे, कोणत्या अर्थाने वापरला गेला हे नोंदवणं तिचं काम. म्हणून तिथे '-इंग' नामांना मोठ्या प्रमाणावर स्वतंत्र नोंदी मिळाल्या. त्यांच्यासाठी 'क्रियापदापासून झालेलं नाम' अशा अर्थाची एक खास खूण होती आणि विशेषणासारख्या '-इंग' शब्दांसाठी दुसरी.

शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी वेगळ्या पद्धतीने विचार करते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. परक्या विद्यार्थ्याला काय अडतं हे त्यांनी जवळून बघितलं होतं. त्यांची डिक्शनरी १९४२ मध्ये जपानमध्ये निघाली आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने ती छापली. आज आपण जिला ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणतो, तीच ही. तिथे 'स्विमिंग'ची नाम म्हणून नोंद आहे, कारण तो एक खेळ आहे आणि शब्द सतत लागतो. पण त्याहून महत्त्वाची माहिती क्रियापदाच्या नोंदीत असते. 'एन्जॉय'च्या खाली 'एन्जॉय डूइंग समथिंग' असा नमुना दिलेला असतो. म्हणजे 'एन्जॉय'नंतर '-इंग' येतं, 'टू' नाही, हे तिथेच कळतं.

नेहमीच्या टेबलावरच्या डिक्शनऱ्या जागा वाचवतात. 'रन' या क्रियापदाजवळ 'रॅन, रन, रनिंग' अशी रूपं दिली की काम झालं. बाकी '-इंग' शब्द वाचकाने स्वतः समजून घ्यायचे.

व्याकरणकारांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. १९८५ मध्ये क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात याच 'पेंटिंग' शब्दाची उदाहरणं ओळीने मांडून दाखवलं की नाम आणि क्रियापद यांच्यात भिंत नाही, उतार आहे. २००२ मध्ये हडलस्टन आणि पुलम यांच्या केंब्रिज व्याकरणाने 'जेरंड' आणि 'पार्टिसिपल' हा भेदच रद्द केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. इंग्रजीत असं एकही क्रियापद नाही, ज्याची ही दोन रूपं वेगळी आहेत. 'बी'सारख्या आडमुठ्या क्रियापदाचंसुद्धा दोन्हीकडे 'बीइंग'च होतं. मग दोन नावं कशाला? त्यांनी दोन्हींना मिळून 'जेरंड-पार्टिसिपल' हे एकच नाव दिलं आणि त्याला क्रियापदाचं रूप मानलं. संगणकाला इंग्रजी शिकवण्यासाठी वापरल्या गेलेल्या 'पेन ट्रीबँक' या खुणा लावलेल्या मजकूर-संग्रहातही दोन्हींना 'व्हीबीजी' ही एकच खूण आहे. खरी नामं तिथे वेगळ्या खुणेखाली जातात.

लेबल चुकलं तर बिघडतं काय?

बिघडतं. याचं गाजलेलं उदाहरण आहे एच. डब्ल्यू. फाउलर यांचं. 'मला त्याचं सिगारेट ओढणं आवडत नाही' हे इंग्रजीत कसं म्हणाल? 'आय डिस्लाइक हिज स्मोकिंग' की 'आय डिस्लाइक हिम स्मोकिंग'? फाउलर यांचा हट्ट होता की '-इंग' रूप इथे नामासारखं आहे, म्हणून 'हिज'च हवं. 'हिम'वाल्या रचनेला त्यांनी 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असं नाव ठेवलं आणि १९२६ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात तिच्यावर तुटून पडले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी त्यांना विरोध केला. चांगले लेखक ही रचना वापरत आले आहेत आणि भाषेचा तो स्वाभाविक विकास आहे, अशी त्यांची बाजू होती.

मराठीत आपण 'त्याचं सिगारेट ओढणं' म्हणतो आणि 'त्याने सिगारेट ओढणं'ही म्हणतो. दोन्ही चालतात. इंग्रजीतही आज दोन्ही चालतात, 'हिज' थोडं औपचारिक वाटतं इतकंच. पण एका लेबलच्या हट्टापायी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत लाल रेघा पडत राहिल्या.

मग वर्गीकरण कसं असायला हवं?

वरचं सगळं एकत्र केलं तर तीन नियम पुरेसे आहेत.

पहिला, 'जेरंड' ही डिक्शनरीत शब्दाची वेगळी जात नको. जवळपास कोणत्याही क्रियापदाला '-इंग' लावून ते नामाच्या जागी बसवता येतं. प्रत्येकाची नोंद करायची तर डिक्शनरी दुप्पट जाड होईल आणि वाचकाला नवीन काहीच कळणार नाही. हे रूप क्रियापदाच्या पोटातच राहू द्यावं.

दुसरा, ज्या '-इंग' शब्दाने क्रियापदापासून फारकत घेतली आहे त्याला नाम म्हणून स्वतंत्र नोंद द्यावी. फारकत झाली की नाही, हे अर्थावरून आणि वागण्यावरून ठरवावं. 'बिल्डिंग' म्हणजे बांधण्याची क्रिया नाही, इमारत. 'सेव्हिंग्ज' म्हणजे वाचवण्याची क्रिया नाही, साठलेले पैसे. अशा नोंदीत अनेकवचन होतं की नाही हेही सांगावं.

तिसरा, कोणत्या क्रियापदानंतर '-इंग' येतं आणि कोणत्यानंतर 'टू', हे त्या क्रियापदाच्या नोंदीतच लिहावं. 'जेरंड म्हणजे क्रियावाचक नाम' ही व्याख्या पाठ करून कुणाचं इंग्रजी सुधारत नाही. 'स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे सिगारेट सोडली आणि 'स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे सिगारेट ओढायला थांबला, हे कळल्याने सुधारतं.

गंमत म्हणजे दुसरा नियम मराठीने न सांगता पाळलाय. आपण इंग्रजीतून '-इंग' शब्द भरपूर उचलले, पण ते नाम म्हणूनच. 'मीटिंगा' होतात, 'बिल्डिंगा' उभ्या राहतात, 'ट्रेनिंग' संपतं. क्रिया दाखवायची झाली की आपण आपलं क्रियापद जोडतो: शॉपिंग करतोय, चार्जिंगला लावलंय.

आता 'लर्निंग्ज'चा निकाल

चाचण्या लावून बघा. 'अ की लर्निंग' यात 'अ' लागला. विशेषण लागलं. अनेकवचन झालं. अर्थही 'शिकण्याची क्रिया' असा नाही, 'शिकलेली गोष्ट' असा आहे. म्हणजे या वापरात तो सर्व बाजूंनी नाम आहे. आणि तो आजकालच्या कॉर्पोरेट लोकांनी पैदा केलाय असंही नाही. शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन' नाटकात हे अनेकवचन सापडतं.

त्यामुळे 'व्याकरणात बसत नाही' हा आक्षेप टिकत नाही. उरतो तो आवडीचा प्रश्न. अनेकांना हा शब्द ऑफिसच्या प्रेझेंटेशनमधला वाटतो आणि खटकतो. परीक्षेत, अर्जात किंवा औपचारिक पत्रात 'लेसन्स' लिहिणं जास्त सुरक्षित. लिंक्डइनवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

मात्र त्याच लिंक्डइनवर खरी चूक करणारं एक वाक्य नेहमी दिसतं, आणि ते कुणी टोकत नाही: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. इथला 'टू' हा 'टू ईट', 'टू गो'मधला 'टू' नाही, तो शब्दयोगी अव्यय आहे. त्यामुळे त्याच्यापुढे '-इंग' हवं: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. कारण अशा अव्ययानंतर नामाच्या जागी बसू शकणारा तुकडाच लागतो. खात्री करायची असेल तर 'मीट'च्या जागी 'युअर रिप्लाय' ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' बसतं, म्हणजे तिथे '-इंग'च बसणार. 'यूज्ड टू'चंही असंच. 'आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली' म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे, तर 'आय यूज्ड टू वेक अप अर्ली' म्हणजे पूर्वी मी लवकर उठायचो.

पुढच्या वेळी '-इंग'वाल्या शब्दावर वाद झाला आणि डिक्शनरीत तो सापडला नाही, तर लगेच 'असा शब्दच नाही' म्हणू नका. आधी त्याचं मूळ क्रियापद शोधा, मग तो वाक्यात काय करतोय ते बघा. डिक्शनरीत न दिसणारे कितीतरी '-इंग' शब्द पूर्णपणे बरोबर असतात. ते क्रियापदाच्या नोंदीतच राहत असतात, एवढंच.